कोकणच्या दमट हवेत गनाश: भरलेल्या ब्राउनीसाठी ते कसे करावे आणि कसे साठवावे

मालवणजवळ निवास-न्याहारीचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. प्रश्न थोडक्यात असा: त्या पर्यटकांसाठी चॉकलेट गनाश, म्हणजे चॉकलेट आणि गरम क्रीम एकजीव करून केलेले मऊ मिश्रण, भरलेल्या ब्राउनी करतात. चॉकलेट आणि क्रीम समान वजनाने घेतात. मे महिन्यात ते गनाश कापलेल्या ब्राउनीच्या कडेने ओघळते, फ्रीजमध्ये ठेवले तर दगडासारखे होते, फ्रीजमधून बाहेर काढले की त्यावर पाणी सुटते, आणि गेल्या पावसाळ्यात चौथ्या दिवशी त्यावर बुरशीचे ठिपके दिसले. मधूनच एखाद्या खेपेला तेल सुटते ते वेगळेच. तर प्रमाण कोणते घ्यावे, आणि आठवड्याचे गनाश एकदम करून ठेवता येईल का?

ताई, मी चौदा वर्षे रत्नागिरीत लहानसे बेकरी-स्वयंपाकघर चालवतो आहे आणि तुम्ही लिहिलेली प्रत्येक चूक मी स्वतः करून बसलो आहे. सुरुवातीला माझाही समज असाच होता की आपला शत्रू उकाडा आहे. उकाड्याने गनाश मऊ होते, ओघळते, दिसायला वाईट होते हे खरे. परंतु मऊ झालेले गनाश थंड केले की पुन्हा घट्ट होते. जे गनाश खरोखर वाया जाते ते जवळजवळ नेहमी पाण्याने जाते. क्रीममधले पाणी, हवेतले पाणी, झाकणाला लागलेली वाफ, ओला चमचा, यांपैकी एक पाहुणा नको तिथे आलेला असतो. तुमच्या चारही तक्रारींचे मूळ पाण्याच्या हिशेबात आहे, म्हणून आधी तो हिशेब मांडतो.

आपल्या बाजारात सहज मिळणारी क्रीम म्हणजे अमूलची फ्रेश क्रीम. तिच्यात स्निग्धांश २५ टक्के असतो. परदेशी पाककृतींत जी क्रीम धरलेली असते तिच्यात तो ३५ टक्के किंवा त्याहून अधिक असतो. याचा अर्थ असा की आपल्या १०० ग्रॅम क्रीममध्ये ६८ ग्रॅमच्या आसपास पाणी असते, आणि त्या पाककृतीतल्या १०० ग्रॅम क्रीममध्ये ते साठीच्या आत असते. तुम्ही ३०० ग्रॅम चॉकलेटला ३०० ग्रॅम फ्रेश क्रीम घेतली की तयार गनाशमध्ये दोनशे ग्रॅमहून अधिक पाणी गेले, म्हणजे एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. केकवर ओतण्यासाठी, त्याच दिवशी संपवण्यासाठी ते उत्तम आहे. ब्राउनीत भरून चार दिवस ठेवण्यासाठी ते फार पातळ आणि फार ओले आहे.

मी भरण्यासाठी जे प्रमाण वापरतो ते असे आहे: ५५ टक्के कोकोचे डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम, २५ टक्के स्निग्धांशाची क्रीम १५० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज (बेकरीत वापरतात तो घट्ट, चिकट पाक) ३० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी ३० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. हे सारे मिळून ५१० ग्रॅम होते आणि त्यात पाणी साधारण ११५ ग्रॅम, म्हणजे पाव भागाहूनही कमी असते. एका ब्राउनीत १६ ग्रॅम भरले तर एकतीस ब्राउनी निघतात. भांड्याला आणि भरण्याच्या टोकदार पिशवीला (पायपिंग बॅगेला) लागलेले सोडून देऊन हिशेब २९ चा धरावा. मिल्क चॉकलेट वापरायचे असेल तर त्याच क्रीमला चॉकलेट ३७५ ग्रॅम घ्यावे आणि व्हाइट चॉकलेटला ४५० ग्रॅम, कारण त्यांच्यात घट्टपणा देणारा कोको कमी असतो. वाटी-चमच्याची मापे या कामात चालत नाहीत. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि टोचून पाहण्याचा थर्मामीटर, या दोन वस्तू आधी घ्या. बाकीची सामग्री नंतर आली तरी चालेल.

ग्लुकोजबद्दल दोन शब्द लिहितो, कारण पुष्कळ जण ते टाळतात. साखरांबा वर्षभर टिकतो तो त्यात पाणी नसते म्हणून नव्हे, तर साखरेने ते पाणी बांधून ठेवलेले असते म्हणून. बुरशीला आणि जंतूंना हे बांधलेले पाणी वापरता येत नाही. त्यांना वापरता येईल असे मोकळे पाणी पदार्थात किती आहे, या मापाला खाद्यपदार्थांच्या शास्त्रात वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची ती १ धरली तर ०.८५ च्या खाली अन्नातून विषबाधा करणारे जंतू सहसा वाढत नाहीत, मात्र बुरशी त्याच्याही बरीच खाली तग धरते. समान प्रमाणाचे गनाश या रेषेच्या वर असते. वर दिलेले प्रमाण रेषेच्या जवळ येते, परंतु घरात ते मोजण्याचे साधन नसल्यामुळे त्याला फ्रीजचाच पदार्थ समजावे. ग्लुकोज पाणी बांधते, साखरेचे खडे होऊ देत नाही आणि फ्रीजमधल्या गनाशला दगड होण्यापासून थोडे वाचवते. ते बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळते. न मिळाल्यास तितकाच मध घ्यावा, मात्र मधाची चव चॉकलेटच्या वर येते हे ध्यानात ठेवावे. ग्लुकोज बोटांना चिकटते आणि मापात कमी पडते, म्हणून क्रीमचे पातेले काट्यावर ठेवून त्यातच थेट ओतावे.

आता कृती. चॉकलेट बारीक चिरून काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या भांड्यात घ्यावे. या प्रमाणात चॉकलेट क्रीमच्या दुप्पट असते आणि क्रीमची एकटीची उष्णता ते पूर्ण वितळवायला पुरत नाही. तळाशी कणी राहते आणि मग आपण ढवळत बसतो. म्हणून चॉकलेट आधी गरम पाण्यावर धरून निम्मे वितळवून घ्यावे. पातेल्यातल्या पाण्याला उकळी नको, आणि वरचे भांडे त्या पाण्याला टेकायला नको. क्रीम आणि ग्लुकोज दुसऱ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून एकदाच वर येऊ द्यावे आणि लगेच उतरवावे. बासुंदीसारखे आटवत बसू नये. क्रीम तीन मिनिटे उकळत राहिली तर तिच्यातले पंधरा-वीस ग्रॅम पाणी उडून जाते, आणि पाणी कमी पडले की चॉकलेटमधली चरबी धरून ठेवायला काही उरत नाही. तुमच्या काही खेपांना तेल सुटते त्याचे कारण बहुधा हेच असावे, कारण प्रमाण तेच ठेवूनही कधी फाटते आणि कधी नाही, असे तुम्ही लिहिले आहे. पातेल्याचे रिकामे वजन लिहून ठेवावे, उकळी आल्यावर पुन्हा वजन करावे आणि जेवढे घटले असेल तेवढे उकळलेले गरम पाणी घालून भरून काढावे. पाण्याच्या विरोधात एवढे बोलून मी पाणी घालायला सांगतो आहे हे विचित्र वाटेल, पण गनाशला पाणी मोजून हवे असते. कमी पडले तर ते फाटते आणि जास्त झाले तर नासते.

क्रीम ८० अंशांच्या आसपास आली की चॉकलेटवर ओतावी आणि दोन मिनिटे हात लावू नये. मग रबरी स्पॅट्युलाने अगदी मध्यभागी, रुपयाएवढ्या वर्तुळात ढवळायला सुरुवात करावी. पहिली अर्धी मिनिट मिश्रण भयानक दिसते, जणू सगळे वाया गेले. मग मध्यभागी एक काळाभोर, चकचकीत, ताणला जाणारा ठिपका तयार होतो. तो ठिपका हेच गनाश. दुधात जसे स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असतात तसे इथे चॉकलेटची चरबी क्रीमच्या पाण्यात विखुरली जात असते, आणि ती त्या ठिपक्यापासून बाहेर पसरत जाते. वर्तुळ हळूहळू मोठे करत कडेपर्यंत न्यावे. फेटू नये, हवा आत गेली की बुडबुड्यांबरोबर बिघाडही आत जातो. हँड ब्लेंडर असेल तर त्याचे पाते पूर्ण बुडवून वीस-तीस सेकंद फिरवावे, गनाश अधिक रेशमी होते आणि जास्त दिवस एकजीव राहते. तापमान ३८ अंशांवर आले की खोलीच्या तापमानाचे मऊ लोणी आणि मीठ घालावे. मिश्रण ३५ च्या खाली जाऊन घट्ट व्हायला लागले असेल तर आधी गरम पाण्यावर थोडे शेकून घ्यावे, कारण थंड गनाश जोराने ढवळणे हा ते फाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

फाटले तर? कडेला तेलाची कंकणे दिसतात, मिश्रण निस्तेज आणि रवाळ होते. घाबरू नये. ते ४० अंशांपर्यंत गरम करावे आणि कोमट दूध एकेक चमचा घालत मध्यापासून पुन्हा ढवळावे. दोन-तीन चमच्यांत ते जमून येते. मात्र त्या खेपेत आता हिशेबाबाहेरचे पाणी गेले आहे, म्हणून डब्यावर तसे लिहावे आणि ते गनाश दोन दिवसांत संपवावे.

चॉकलेटच्या निवडीवर मी हटवादी आहे, तरी दुसरी बाजू सांगतो. कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली मूळ चरबी, ३४ अंशांच्या जवळ पूर्ण वितळते आणि २८-३० ला मऊ पडू लागते. मे महिन्यात आपल्या घरातली हवाच ३२-३३ अंश असते. त्यामुळे खऱ्या चॉकलेटचे गनाश टेबलावर उभे राहील ही अपेक्षाच ठेवू नये. ते थंड द्यावे आणि थंड ठेवावे. किनाऱ्यावरचे पुष्कळ व्यावसायिक याच कारणाने कंपाउंड वापरतात. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते, ते उन्हाळ्यात अधिक टिकून राहते आणि स्वस्तही पडते. मला त्याचा तोंडात राहणारा मेणचट थर आवडत नाही, पण ज्याला परवडत नाही त्याने ते जरूर वापरावे, फक्त ग्राहकाला तसे सांगावे. अर्धे चॉकलेट आणि अर्धे कंपाउंड असा मध्यममार्ग मात्र काढू नये. या दोन चरबी एकमेकींशी जमत नाहीत. मिश्रण दोहोंपेक्षा मऊ होते आणि काही दिवसांनी वर पांढरट छटा येते. वेष्टनावरच्या घटकांत कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, एवढे वाचले तरी हातात काय आहे ते कळते.

तुम्ही क्रीमऐवजी नारळाचे दूध वापरण्याबद्दल विचारले आहे. परसात माड असताना हा विचार येणारच, आणि ताज्या गनाशमध्ये त्याची चव फार सुरेख लागते यात शंका नाही. परंतु खोबरेल आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने बाटलीत पातळच असते, हे तुम्ही रोज पाहता. ते २४-२५ अंशांनाच वितळते, आणि कोको बटरमध्ये मिसळले की त्यालाही मऊ करते. शिवाय घरी काढलेल्या रसात पाणी किती आणि स्निग्धांश किती हे प्रत्येक नारळागणिक बदलते, उकळी आली की तो फुटतो, आणि फ्रीजबाहेर काही तासांत आंबतो. सकाळी करून रात्री पाहुण्यांच्या पानात वाढायचे असेल तर करावे. साठवण्यासाठी नको.

त्याच परसात दुसरी एक वस्तू आहे जी बरोबर उलटे काम करते, आणि ती म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, ज्याला आपल्याकडे मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. खोबरेल जिथे पातळ होते तिथे मुठेल घट्ट असते. ते ४० अंशांच्या जवळ वितळते, आणि त्याच्या स्निग्धाम्लांची रचना कोको बटरच्या इतकी जवळची आहे की युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमांत ज्या सहा वनस्पती चरबींना चॉकलेटमध्ये ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, त्यांत कोकमाची चरबी आहे. आपण जे हिवाळ्यात टाचांच्या भेगांना चोळतो तेच हे. भेगांचे मुठेल मात्र पदार्थात घालू नये; त्याला उग्र वास असतो आणि ते कसे काढले, कुठे ठेवले हे आपल्याला ठाऊक नसते. खाण्यासाठी शुद्ध केलेले, वास नसलेले कोकम बटर मिळते तेच घ्यावे. एप्रिल-मेमध्ये मी वरच्या प्रमाणातले लोणी ३० वरून २० ग्रॅमवर आणतो आणि १० ग्रॅम कोकम बटर चॉकलेटबरोबरच वितळवून घेतो. गनाश ओघळायला लागण्याआधी ताटात थोडा अधिक वेळ मिळतो. याहून जास्त घातले की तोंडात ते लवकर वितळत नाही आणि खाणारा टाळूवर जीभ फिरवत राहतो.

आंब्याच्या गनाशबद्दल थोडक्यात: ताजा रस किंवा डब्यातला रस घालू नये, त्यात पाणी भरपूर असते आणि त्याच्या आंबटपणाने क्रीम फुटू शकते. आटवलेला आंबा मावा व्हाइट चॉकलेटच्या गनाशमध्ये ३८ अंशांवर, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका मिसळावा. एवढे पुरते.

आता साठवण, जिथे आपल्याकडचे बहुतेक नुकसान होते. गनाश तयार झाले की खोल डब्यात ओतून झाकण लावण्याचा मोह होतो. गरम भाताच्या डब्याचे झाकण उघडल्यावर आतून जे पाणी टपकते ते आठवा. तेच इथे घडते. झाकणाला सुटलेला घाम थेंबाथेंबाने गनाशवर पडतो, आणि ज्या जागी तो पडतो तेवढ्या जागेपुरता आपला सगळा हिशेब पुसला जातो, कारण तिथे साखरेने बांधलेले पाणी नसते, मोकळे पाणी असते. बुरशी नेमकी त्या ठिपक्यावर धरते. म्हणून गनाश उथळ ट्रेमध्ये दोन सेंटिमीटरच्या थरात ओतावे आणि क्लिंग फिल्म (अन्न झाकायचे पातळ, चिकटणारे प्लास्टिक) थेट त्याच्या पृष्ठभागाला चिकटवावी, मध्ये हवेचा फुगा राहू देऊ नये. असा पातळ थर लवकर निवतो. तो तीस अंशांच्या जवळ आला की फ्रीजमध्ये ठेवावा. कसेही झाले तरी करण्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रीजमध्ये गेलाच पाहिजे. पाठ्यपुस्तकांत गनाश १८ ते २० अंशांच्या खोलीत रात्रभर ठेवायला सांगतात, आणि त्याने पोत खरोखर सुंदर येतो. पण ती खोली आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटेंनाच असते. उरलेल्या महिन्यांत फ्रीज हाच उपाय, थोडा पोत गेला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी हे घट्ट झालेले गनाश २५० ग्रॅमच्या लहान हवाबंद डब्यांत किंवा पायपिंग बॅगेत भरून, तारीख घालून ठेवावे. लहान डबे यासाठी की एका वेळी एकच उघडावा आणि तो त्याच दिवशी संपवावा. एक किलोचा डबा दिवसातून चार वेळा आतबाहेर झाला की त्याचे आयुष्य निम्मे होते. फ्रीजच्या दारात ठेवू नये, मागच्या बाजूला ठेवावे, आणि आतले तापमान ४ ते ५ अंश आहे की नाही हे स्वतंत्र थर्मामीटरने पाहावे, कारण फ्रीजवरचे आकडे विश्वासाचे नसतात. आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या पाककृती सांगत नाहीत: ज्या फ्रीजमध्ये बांगडा मॅरिनेट होतो आहे आणि सोलकढीचे पातेले उघडे आहे, त्यात चॉकलेट ठेवू नये. चरबी वास ओढून घेते. माझ्या एका ग्राहकाने ब्राउनी खाऊन "छान आहे, पण काहीतरी समुद्रासारखे लागते," असे म्हटले होते, आणि तो चेष्टा करत नव्हता. शक्य असेल तर जुना लहान फ्रीज फक्त या कामाला ठेवा.

फ्रीजमधून बाहेर काढतानाची चूक मला सर्वात महागात पडली. पहिल्याच वर्षीच्या जुलैत मी गनाशचा ट्रे सकाळी बाहेर काढला, लवकर मऊ व्हावा म्हणून फिल्म सोलली आणि पंख्याखाली ठेवला. दहा मिनिटांत त्यावर धुके बसल्यासारखा ओलसर पापुद्रा आला. मी स्वच्छ, धुतलेल्या फडक्याने तो पुसून घेतला, ब्राउनी भरल्या आणि उरलेला ट्रे शोकेसमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरट ठिपके आले, आणि ते कुठेही विखुरलेले नव्हते. जिथून फडके फिरले होते त्या तिरक्या पट्ट्यांवर ओळीने उमटले होते. पावसाळ्यात आपली हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत साधारण २५ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. फ्रीजमधला डबा तर ४ अंशांचा असतो. तेव्हा डबा बंदच बाहेर ठेवावा, त्याच्या बाहेरच्या बाजूला जेवढा घाम सुटायचा तेवढा सुटू द्यावा, तो कोरड्या कापडाने पुसावा, आणि आतला माल खोलीच्या तापमानाजवळ आला की मगच झाकण काढावे. २५० ग्रॅमच्या डब्याला तास-दीड तास लागतो. वातानुकूलित खोली असेल तर भरण्याचे काम तिथेच करावे, कारण थंड यंत्राने हवेतले पाणीही कमी होते.

किती दिवस? वरच्या प्रमाणाचे, नीट झाकलेले, न उघडलेले गनाश मी फ्रीजमध्ये सात दिवस ठेवतो. समान प्रमाणाचे तीन दिवस. फ्रीजबाहेर मे महिन्यात आणि पावसाळ्यात दोन तासांपलीकडे कोणतेही नाही. डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना, दुहेरी गुंडाळून, दोन महिने चव टिकते. वापरण्याच्या आदल्या रात्री ते फ्रीजमध्ये उतरवावे आणि दुसऱ्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला आणावे. क्रीमचा खोका एकदा फोडला की तीन दिवसांत संपवावा. म्हणजे आठवड्याचे गनाश एकदम करता येईल, पण पापड-कुरडयांसारखी पावसाळ्याची बेगमी म्हणून ते पाहू नये. प्रत्येक खेपेतला एक चमचा लहान डबीत तारीख घालून त्याच फ्रीजमध्ये बाजूला ठेवण्याची सवय लावा. ग्राहकाची तक्रार आली तर आपल्याकडे साक्षीदार असतो. तरीही वास आणि रंग ठीक आहे म्हणून पदार्थ निर्धोक आहे असे समजू नये. हाताच्या जखमेतून किंवा नाकाशी गेलेल्या बोटांतून जे जंतू जातात त्यांचे विष पदार्थाचा वास बदलत नाही आणि पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हात कापला असेल त्या दिवशी भरण्याचे काम दुसऱ्याला द्यावे.

विजेचे तर आपण सगळे जाणतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस दिवे नव्हते. तसे नेहमी होत नाही, पण पावसाच्या पहिल्या सरीबरोबर चार-पाच तास वीज जाणे हे दरवर्षीचे आहे. दार न उघडलेला फ्रीज चार तास थंडावा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर जवळपास दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस. फ्रीज चार तासांहून अधिक काळ बंद राहिला आणि आतले तापमान ५ च्या वर गेलेले दिसले तर गनाश टाकून द्यावे. म्हणून जून-जुलैत मी साठा फ्रीझरमध्येच ठेवतो आणि फ्रीजमध्ये दोन दिवसांपुरता उतरवतो.

ब्राउनी भरण्याबद्दल एवढेच पाहा की ब्राउनी आतपर्यंत गार झालेली असावी. वरून हाताला गार लागते तेव्हा आतून ती कोमटच असते. मी ती चार तास जाळीवर निववतो आणि मग तासभर फ्रीजमध्ये झाकून ठेवतो. कोमट ब्राउनीत भरलेले गनाश वितळून पिठात मुरते, आणि अडकलेली वाफ बुरशीला आमंत्रण देते. दोन थरांमध्ये भरायचे असेल तर आतल्या बाजूंना वितळवलेल्या चॉकलेटचा ब्रशने एक पातळ हात द्यावा. ब्राउनी गनाशपेक्षा कोरडी असल्याने ती त्याचे पाणी ओढून घेते, आणि हा थर ते अडवतो. मध्ये भोक पाडून भरायचे असेल तर नोझलचे (पायपिंग बॅगेच्या टोकाला लावायच्या शंकूचे) रुंद तोंड दाबून गाभा काढावा, आणि वरचा एक सेंटिमीटर मोकळा ठेवून तिथे तोच गाभा टोपीसारखा बसवावा. पाहुण्यांना गरम ब्राउनीतून वाहणारे गनाश द्यायचे असेल तर १५ ग्रॅमच्या वड्या फ्रीझरमध्ये घट्ट गोठवून कच्च्या मिश्रणात दडवाव्यात आणि १८० अंशांवर भाजाव्यात. भरलेली ब्राउनी झाकून फ्रीजमध्ये चार दिवस ठेवावी, त्याहून जास्त नको, आणि वाढण्याआधी वीस मिनिटे बंद डब्यातच बाहेर काढावी. दगडासारखी लागते ही तुमची तक्रार या वीस मिनिटांत आणि ग्लुकोजमध्ये मिटते.

कुडाळच्या गाडीवर बसणाऱ्या पाहुण्यांबरोबर बांधून देता त्या ब्राउनींसाठी थर्माकोलचा डबा आणि दोन बर्फाचे पॅक घ्या. पॅक आणि ब्राउनीच्या मध्ये जाड पुठ्ठा ठेवा, आणि डबा घरी पोहोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवावा अशी चिठ्ठी वर चिकटवा. मुंबईपर्यंतच्या रात्रीच्या प्रवासाला मात्र गनाश भरलेली देऊ नका, साधी ब्राउनी द्या.

आणि सध्या तुमच्या फ्रीजमध्ये ठिपके आलेला जो डबा आहे, ज्याचा वरचा थर काढून उरलेले पुन्हा गरम करून वापरता येईल का असे तुम्ही शेवटी विचारले आहे, तो वापरू नका. वर दिसतो तो बुरशीचा फुलोरा असतो, तिचे धागे मऊ पदार्थात खाली उतरलेले असतात. डबा रिकामा करून उकळत्या पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण कोरडा होऊ द्या. रबरी कडेच्या खाचेत पाणी राहते, ती कड काढून वेगळी वाळवा.